गोधडीवरचा निवाडा

त्या बाईच्या घरात भाड्याने राहायचं तर दोन अटी होत्या आणि दोन्ही बायकांसाठी होत्या. पहिली, दुपारी जेवणं आटोपली की सुई घेऊन ओसरीवर यायचं. दुसरी, आपण ज्या घरातून आलो ते घर कापडाच्या तुकड्यावर दोऱ्याने काढून द्यायचं. नवऱ्यांनी काय करावं याबद्दल तिचं काहीच म्हणणं नव्हतं. खोलीबरोबर जशी खुंटी येते तसा बाईबरोबर नवरा येतो, अशी तिची समजूत असावी.

मला ती पहिल्यांदा भेटली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. इंग्रज अमदानीतली गोष्ट. माझ्या यजमानांना नंदुरबारच्या शाळेत मास्तरकी मिळाली म्हणून आम्ही राजापूर सोडून तिथे गेलो. स्टेशनात उतरल्या उतरल्या वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका लागला आणि मी जी खोकायला लागले ती तिच्या दारात पोचेपर्यंत खोकतच होते. यजमानांनी खोलीची चौकशी केली. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू कोठली?"

"राजापूरची."

"गाव नई इचारं मी. घर कसं शे?"

मराठी म्हणजे आम्ही बोलतो ती, अशी माझी तोवर खात्री होती. तिची अहिराणी मला निम्मीच कळली आणि उरलेली निम्मी गावंढळ वाटली. घर कसं आहे हा काय प्रश्न झाला? मी नाक वर करून सांगितलं की जांभ्या दगडाचं आहे, मागे आगर आहे, अंगणात तुळस आहे आणि वर माडी आहे. माडी खोटी होती. आमच्या घराला माडी कधी नव्हती, शेजारच्या खोतांच्या घराला होती. पण इतक्या लांब आल्यावर थोडी माडी चढवली तर कोण बघायला येतंय, असं मला वाटलं.

ती बघायला आली नाही, तिने मला ते घर काढायला लावलं. आठ दिवस खपून मी दोन मजली घर काढलं, खिडक्यांना गजसुद्धा काढले. तिने तुकडा उन्हात धरला, उलटा करून टाके पाहिले आणि विचारलं, "माडी शे, तं जिना कोठे शे?"

मी म्हटलं, तो आतल्या बाजूला आहे, दिसत नाही.

"मंग भिंत उसव आनि दाखाड."

दोन दुपारी बसून मी भिंत उसवली आणि न बांधलेल्या माडीला जिना काढला. तिने तो तुकडा गोधडीला जोडला. खोटं पकडलं असं ती कधी बोलली नाही, पण त्या दिवसापासून मी "माडीवाली" आणि माझे यजमान "माडीवालीना मास्तर" झाले. शाळेतली पोरंसुद्धा पुढे त्यांना माडीमास्तर म्हणू लागली. ते बिचारे कारण शोधत राहिले आणि मी त्यांना ते कधी सांगितलं नाही.

दिसायला ती उंच, काटकुळी. पदराला कायम चार-पाच सुया टोचलेल्या, त्यामुळे लेकरं तिच्या मांडीवर बसायला धजत नसत. कात्री तिने घरात ठेवली नव्हती. कापड दातांत धरून टर्रकन फाडायची आणि सरळ रेषेत फाडायची. दोरा नाकापासून हाताच्या टोकापर्यंत मोजून घ्यायची आणि आमचे हात आखूड म्हणून आमचा दोरा पुन्हा आपल्या हाताने मोजायची. आजारपण, सणवार, नवऱ्याची बदली यांची विचारपूस तिने कधी केली नाही. "तुन्हा माहेरनं दार कोन्या बाजूले?" एवढं मात्र कोणालाही, कधीही विचारायची. एकदा दार सांगता सांगता मला हुंदका आला. ती म्हणाली, "रडी ले. पन सुईवर पानी नको पाडू, जंग चढस."

आम्ही तिला मोठीमाय म्हणत असू. तापीकाठच्या गुजर शेतकरी घराण्यातली ती. त्यांचे पूर्वज गुजरातेतून येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की कोण आलं आणि कशाने आलं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. तरी बोलता बोलता ती "आम्ही तिकडला" म्हणायचीच. नवऱ्याने शेती भावावर सोडून गावात कापसाचा धंदा केला, घरच्या सामाईक पैशातून स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं घर घेतलं आणि मूलबाळ होण्याआधीच साथीत गेला. पुढच्या पाच खोल्या तिने वाढवल्या. माती तिने तुडवली, भिंती तिने लिंपल्या. भिंतींत तिच्या बोटांचे माग दिसत. नवे भाडेकरू चुना लावून ते बुजवत आणि ते गेले की ती चुना खरवडून काढी.

भाडेकरू सगळे परगावचे. नंदुरबारच्या माणसाला तिच्या घरात भाड्याने राहायचं कारणच काय? माझ्या शेजारच्या खोलीत तारमास्तरांची बायको होती, सुरतेकडची. तिने घर म्हणून नुसता झोपाळा काढला. घर कुठे आहे असं आम्ही विचारलं तर म्हणाली, "हींचको एज घर." मोठीमायने तो तुकडा बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "छत नई तं हिंचका कसाले बांधा?" बिचारीने मग छत काढलं, कड्या काढल्या आणि चिडून झोपाळ्यावर ठाकोरजी, म्हणजे त्यांचा बाळकृष्ण, बसवले, की आता तरी बोलणं बंद व्हावं. पलीकडच्या खोलीत कंपाउंडरांची बायको होती. ती कानडी मुलखातली. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून तिने न बोलता चूल काढली आणि चुलीत लाल दोऱ्याचा जाळ. वर्षभरात ती अहिराणी बोलायला लागली आणि माझे यजमान तिच्याशी शुद्ध मराठी बोलले की हसायची.

मागच्या पडवीत एक पावरा जोडपं राहत होतं. सातपुड्यातून, धडगावच्या पलीकडून उतरून आलेलं. नवरा कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गाठी उचलायचा. त्या बाईने सहा उभ्या रेघा काढून तुकडा परत दिला. ना भिंत, ना दार. मी मनात म्हटलं, आता हिची फजिती होणार. पण मोठीमायने विचारलंच नाही काही. पावरीणनेच आपण होऊन सांगितलं, की जागा बाधली की त्यांच्याकडे घर उकलून खांब खांद्यावर घेतात आणि दुसऱ्या टेकडीवर नेऊन रोवतात. मोठीमाय म्हणाली, "या सर्वास्मा हाईच एक खरं घर शे." मला ते फार लागलं. मी दोन मजले आणि एक जिना काढला होता.

भाडेकरू जात, घरं राहत. माझ्या आधी किती जणी येऊन गेल्या कोण जाणे, पण गोधडी ओसरीभर झाली होती. कोणाचं कौलारू, कोणाचं धाब्याचं, कोणाचा नुसता आड, कोणाच्या दारातली म्हैस. आणि एवढी मोठी गोधडी असून पांघरायला मात्र ती कोणाला मिळायची नाही. एका थंडीत यजमानांना हुडहुडी भरली. मी गोधडी मागायला गेले. तिने आपली घोंगडी काढून दिली आणि स्वतः पोतं पांघरून निजली.

"मग ती गोधडी आहे कशाला?" मी चिडून विचारलं.

"तिन्हावर घरं शेत. घरं काय कोनी पांघरस? पाय कोना उंबरठावर येई, नई दखास का?"

तिचं खरं होतं. जिने तिने आपलं घर आपल्याला हवं तसं, आपल्या दिशेला तोंड करून काढलं होतं. गोधडी कशीही फिरवली तरी पाय कोणाच्या तरी तुळशीवर नाहीतर चुलीवर येणार. दुपारी शिवायला बसायचं तेही आम्ही कडेने, पाय मागे घेऊन. मामलेदारीणबाई एकदा गोधडी पाहायला आल्या. त्यांना ती विकत हवी होती. मोठीमायने विचारलं, "तुम्हनं घर कसं शे?" त्या म्हणाल्या, आमचं काय, सरकारी बंगला, आज इथे उद्या तिथे. मोठीमाय म्हणाली, "मंग दोरा वाया नका घालू," आणि गोधडीची घडी घातली.

आता पुतण्याचं सांगते, कारण या घराला त्याच्याकडूनच धोका होता. दिराचा मुलगा. वाईट माणूस असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. महिन्याकाठी तापीकाठची केळी घेऊन यायचा, टोपी काढून पायरीशी बसायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "काकी, आते कागद तं करनाच पडी." एका जिनवाल्याला कापूस ठेवायला स्टेशनाजवळची जागा हवी होती. काकीने घर सोडून गावी यावं, भाडेकरूंनी दुसरं बघावं आणि भिंती पाडून गुदाम करावं, असं त्याच्या मनात होतं.

"मन्हा घर चाल. तठे तुले काय कमी शे?"

"तुन्हं घर मी देखेल शे. चांगलं शे. पन ते तुन्हं शे."

मोठीमाय एकदा धुळ्याला जाऊन वकिलाला भेटून आली. अपत्य नसलेल्या विधवेला एकत्र कुटुंबात अन्नवस्त्र मिळतं, घर मिळत नाही, असं त्याने सांगितलं असणार. तिने आम्हाला ते थोडक्यात सांगितलं. "भाकर मन्ही, तवा तेना." मग सुई ओवली. आम्हा सगळ्यांना आपापलं घर खडान्‌खडा विचारणाऱ्या या बाईच्या डोक्यावरचं छप्पर तिचं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी जन्मात पहिल्यांदा एखाद्या घरासाठी देवाला नवस बोलले, आणि ते घर माझं नव्हतं.

कोर्टकचेरी नको, आपल्या लोकांत मिटवू, असं पुतण्या म्हणाला आणि ती कबूल झाली. ठरलेल्या दिवशी दुपारी तापीकाठच्या गावातून बैलांची दमणी आली. चार पंच, पांढरी धोतरं, मोठाली पागोटी. निवाड्याचा कागद लिहायला त्यांना कोणीतरी तिऱ्हाईत आणि सुवाच्य लिहिणारा हवा होता. माडीमास्तर सापडले. म्हणजे ज्या कागदाने मी बेघर होणार तो माझेच यजमान लिहिणार होते, आणि त्यासाठी शाई मीच घोटून दिली होती.

पंचांनी दारात जोडे काढले आणि आत पाऊल टाकणार तोच थबकले. ओसरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गोधडी अंथरलेली होती. पाहुण्यांसाठी अंथरतात तशी, नीट, सुरकुती नाही. मोठीमाय पदर सावरून म्हणाली, "या, बठा."

एका पंचाने पाय उचलला.

"जरा सांभाळीसन, दादा. ती तुयस शे. मास्तरीणना माहेरनी."

पाय मागे गेला. तो डावीकडे सरकला.

"तो ठाकोरजीना हिंचका."

उजवीकडे.

"ती चूल शे. पेटेल शे."

तरुणसा एक पंच होता, तो हसून म्हणाला, "मंग मी आठे बठस. आठे तं नुस्ता बांबू दखातस." आणि सहा रेघांकडे वळला. मोठीमाय म्हणाली, "ते खांब शेत. मधला खांबनी पूजा करीसन मंग घर उभं करतस त्या लोके." मागच्या दारात उभी असलेली पावरीण त्याच्याकडे बघत राहिली. तो परत उंबरठ्यापाशी आला.

"बाई, गोधडी उचल. आम्ही भुईवर बठसूत," थोरले पंच म्हणाले.

"पंचले भुईवर बठाडू? मन्हा मालक व्हतात तवय आठे कधी कोनी भुईवर बठेल नई."

पुतण्या म्हणाला, शेजारून जाजम आणतो, वर टाकू. त्यावर पंचांनीच मान हलवली, की जाजम टाकलं म्हणून खालची तुळस हलते थोडीच. बाहेर लिंबाखाली बसावं तर घरातलं बोलणं रस्त्याला ऐकवायचं, आणि तेही एका विधवेचं. ते त्यांना शोभणार नव्हतं. उभ्या उभ्या निवाडा देण्याची रीत नाही. पंच बसले म्हणजे पंच, उभे असले तर चार पाहुणे. आम्ही बायका आतल्या दारात दाटीवाटीने उभ्या होतो आणि तारमास्तरीण माझा दंड इतका दाबत होती की दोन दिवस वळ राहिले. कोणी आम्हाला काही सांगितलेलं नव्हतं, पण काय चाललंय ते आमच्या लक्षात आलं होतं. दिवस मावळेपर्यंत हे असंच राहिलं की दमणी परत जाणार, शेतीचे दिवस तोंडावर आलेले, मग कोण कशाला लवकर येतंय?

चहा झाला, उभ्याने. पान झालं, उभ्याने. माझे यजमान दौत डाव्या हातात आणि टाक उजव्या हातात धरून उंबरठ्यावर उभे होते आणि हे बरोबर चाललंय की चूक ते माझ्या तोंडावरून ओळखायचा प्रयत्न करत होते. ऊन ओसरीतून भिंतीवर चढलं. थोरले पंच सगळ्यांत म्हातारे, ऐंशीच्या घरातले. काठीवर रेलून उभे होते. त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून थरथरायला लागला. मी ते पाहिलं. मनात म्हटलं, पडला तर पडू दे. मला आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

मोठीमायनेही पाहिलं. पुष्कळ वेळ ती त्या पायाकडे बघत होती. मग गोधडीच्या कडेने फिरून, घरं चुकवत, ती मधोमध गेली. तिथे मांजरपाटाचा एक पांढरा तुकडा होता. पुढच्या भाडेकरणीसाठी तो ठेवलाय असं आम्ही समजत होतो.

"दादा, आठे या. याच्यावर बठा."

म्हाताऱ्याने विचारलं, "हाई कोनं घर?"

"मन्हं."

"याम्हा तं काहीच नई."

"काहीच नई. बठा तुम्ही."

तारमास्तरणीने माझा दंड सोडला. दोघांनी धरून म्हाताऱ्याला त्या पांढऱ्या तुकड्यावर बसवलं. बसताना त्याच्या तोंडून हुश्श निघालं, ते अजून माझ्या कानात आहे. थोरले पंच बसले म्हणजे पंचायत बसली. बाकीचे तिघे त्यांच्या मागे उभे राहिले आणि बोलणी सुरू झाली. फार वेळ लागला नाही. म्हातारा अन्यायी नव्हता. रीत होती ती त्याने सांगितली. घर पुतण्याचं. बाईने हयात आहे तोवर मागच्या खोलीत राहावं, धान्य पुतण्याने घालावं. भाडेकरूंनी पावसाळ्याआधी खोल्या सोडाव्यात. हे सगळं तो खाली, त्या पांढऱ्या कापडाकडे बघत बोलला. माझ्या यजमानांनी वळणदार अक्षरात लिहिलं. मोठीमायने अंगठा उठवला आणि बोटाची शाई पदराला पुसली. पदराच्या सुया हलल्या.

पंच निघाले तशा आम्ही तिच्यावर तुटून पडलो. कंपाउंडरीण तर रागाने कानडीत गेली. मी म्हटलं, "मोठीमाय, अजून घटकाभर थांबला असतात तर दमणी परत गेली असती. का बसवलंत त्याला?"

"तेना पाय कापी ऱ्हायनता. तू देखा नई का?"

"पाहिला."

"मंग?"

एवढंच म्हणाली. ती जाऊन आपल्या पांढऱ्या तुकड्यावर बसली आणि सांडलेली रिळं गोळा करू लागली. पंचांना दमणीत बसवून पुतण्या परत आला. हातात कागद होता, शाई अजून पुरती वाळली नसावी, कारण तो फुंकर घालत होता. त्याने जोडे काढले आणि उंबरठ्यावर उभा राहिला. ओसरीकडे पाहिलं, त्या सगळ्या दारांकडे आणि चुलींकडे पाहिलं. मग आम्ही एवढ्या जणी बघत असताना खालच्या आवाजात विचारलं, "काकी, मी कोठे बठू?"

तिने मान वर केली. रागावेल, हसेल, बाहेर हो म्हणेल, आम्ही सगळ्या वाट बघत होतो. ती थोडी बाजूला सरकली आणि पांढऱ्या कापडावर शेजारी हाताने थापटलं.

तो आला. माझ्या तुळशीला वळसा घालून, चूल ओलांडण्याऐवजी तिच्या कडेकडेने, टाचा उचलून आला आणि तिच्या शेजारी अंग चोरून बसला. कागद खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसून राहिला. निवाडा झाला तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा रडले.